मजल दरमजल: ॲक्शन आरपीजीच्या कॅम्पेनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डायब्लो, पाथ ऑफ एक्झाइल, ग्रिम डॉन, टायटन क्वेस्ट असे ॲक्शन आरपीजी, म्हणजे राक्षस मारत, सामान जमवत आपलं कॅरेक्टर वाढवत नेण्याचे गेम, नव्याने खेळायला घेतलेले मित्र मला फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. बरीचशी उदाहरणं डायब्लो २ मधली आहेत. तो गेम जून २००० मध्ये आला, त्याचं एक्स्पान्शन (जोडभाग) २००१ मध्ये आलं आणि २०२१ मध्ये तो नव्या रूपात पुन्हा निघाला. या प्रकारातल्या पुढच्या जवळपास प्रत्येक गेमने त्याचा साचा उचलला, नाहीतर मुद्दाम मोडला. तो साचा कळला की बाकीचे गेम वाचायला सोपे जातात.

कॅम्पेन म्हणजे नेमकं काय? सगळा गेमच कॅम्पेन नाही का?

नाही. पहिल्या गावापासून शेवटच्या बॉसपर्यंत (सगळ्यात बलवान शत्रूपर्यंत) जी सलग कथा चालते ते कॅम्पेन. त्यानंतर लूट (राक्षस मारून मिळणारं सामान) जमवणं, बिल्ड (कॅरेक्टरच्या स्किल आणि सामानाची जुळणी) घासूनपुसून तयार करणं, आणखी अवघड बॉस मारणं हे जे चालू राहतं त्याला एंडगेम म्हणतात. काही जण वर्षानुवर्षं एंडगेमच खेळतात आणि कॅम्पेनला नुसती पायरी समजतात. मला ते पटत नाही. एंडगेममध्ये जे काही हाताला जमतं, ते सगळं कॅम्पेनने आधी शिकवलेलं असतं आणि तेही शिकवतोय असं न दाखवता.

‘ॲक्ट’ का म्हणतात? लेव्हल का नाही म्हणत?

लेव्हल हा शब्द कॅरेक्टरच्या चढतीसाठी आधीच वापरला जातो, हे एक कारण. पण खरं कारण रचनेत आहे. १९९६ च्या अखेरीस आलेल्या पहिल्या डायब्लोमध्ये ॲक्ट नव्हतेच. ट्रिस्ट्राम नावाचं एक गाव, त्या गावातलं एक चर्च आणि चर्चखाली सोळा मजले. चार मजले चर्चचे, चार कॅटाकोम्ब्सचे, चार गुहांचे, शेवटचे चार नरकाचे. विहिरीत उतरावं तसं फक्त खाली जायचं आणि सामान विकायला वर यायचं. दुसऱ्या भागात ब्लिझार्ड नॉर्थच्या मंडळींनी ही उभी विहीर आडवी केली आणि तिचा रस्ता झाला. आता एक गाव मागे टाकून दुसऱ्या गावी जायचं होतं. नाटकात अंक बदलला की पडदा पडतो आणि पडदा वर जातो तेव्हा नेपथ्य बदललेलं असतं. इथेही तसंच होतं. ॲक्ट संपला की व्हिडिओ लागतो आणि तो संपल्यावर आपण नव्या मुलखात उभे असतो. हवा वेगळी, माणसं वेगळी, संगीतही वेगळं.

एका ॲक्टच्या आत काय काय असतं?

मधे एक गाव, जिथे कोणी आपल्याला मारू शकत नाही. गावात सामान विकत घेणारे, शस्त्र दुरुस्त करणारे, जखमा भरून देणारे आणि भाडोत्री साथीदार देणारे लोक. गावाबाहेर मोकळं रान, रानात गुहा, थडगी आणि मनोरे. मधे मधे वेपॉइंट, म्हणजे एकदा पाय ठेवला की पुन्हा तिथे एका क्लिकवर पोचता येईल असे चौथरे. शेवटी एक बॉस.

पण एवढ्यावर ॲक्ट उभा राहत नाही. तो उभा राहतो वाट अडल्यामुळे. डायब्लो २ चा पहिला ॲक्ट रोग एन्कॅम्पमेंटमध्ये सुरू होतो (इथे ‘रोग’ म्हणजे तिरंदाज बायकांचा पंथ). या बायकांचा मठ आंदारिएल नावाच्या राक्षसिणीने बळकावलाय आणि पूर्वेकडे जाणारी खिंड नेमकी त्या मठातून जाते. वॉरिव्ह नावाचा व्यापारी आपला तांडा घेऊन छावणीत अडकून बसलाय. तुम्ही आंदारिएलला मारता, खिंड मोकळी होते आणि वॉरिव्ह तुम्हाला वाळवंटातल्या लुट गोलेनला घेऊन जातो. तिथे मेशिफचं जहाज बंदरात थांबलंय, ते सुटायलाही असंच काहीतरी संपावं लागतं. या गेममध्ये कथा आणि भूगोल एकच आहेत. ‘पुढे काय होणार’ आणि ‘पुढच्या गावी कसं पोचायचं’ हे दोन प्रश्न वेगळे नसतातच. या प्रकाराबद्दल मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती. इथली कथा मजल दरमजल करत सांगितली जाते, संवादातून फार कमी.

त्यातला एक प्रसंग जवळून बघा. पहिल्या ॲक्टमधली तिसरी क्वेस्ट (नेमून दिलेलं काम) डेकार्ड केन या म्हाताऱ्याला सोडवण्याची. इनिफस नावाच्या झाडापाशी एक गुंडाळी मिळते, ती छावणीतली अकारा वाचून देते. मग उभ्या दगडांना ठरलेल्या क्रमाने हात लावला की लाल पोर्टल उघडतं. पलीकडे ट्रिस्ट्राम असतं, पहिल्या गेममधलं तेच गाव, पण जळून खाक झालेलं. ज्या ग्रिझवोल्डकडून आपण तलवारी घ्यायचो तो लोहार प्रेत होऊन अंगावर येतो. एका कोपऱ्यात विर्ट हा लाकडी पायाचा पोरगा मरून पडलेला असतो. त्याच्यावर क्लिक केलं की सोनं सांडतं आणि तो लाकडी पाय मिळतो. कोणी भाषण देत नाही, व्हिडिओ लागत नाही. पहिला भाग खेळलेल्या माणसाच्या पोटात मात्र खड्डा पडतो. आणि त्या पायाचा खरा उपयोग कळतो कॅम्पेन संपल्यावर. टाउन पोर्टलच्या (गावी परतायचं दार उघडणाऱ्या) पुस्तकाबरोबर तो क्यूबमध्ये (वस्तू एकत्र करून नवं काही घडवणाऱ्या पेटीत) टाकला की दोन पायांवर चालणाऱ्या, हातात परशू घेतलेल्या गाईंची गुप्त लेव्हल उघडते. ॲक्ट एकमध्ये पेरलेलं बी शेवटानंतर उगवतं, अशी ही बांधणी आहे.

केन सुटला की त्यानंतर तो अनोळखी वस्तू फुकट ओळखून देतो. म्हणजे कथेतल्या कामाचं बक्षीस रोजच्या व्यवहारात दिसतं. चांगल्या क्वेस्टची माझी कसोटी हीच. काम झाल्यावर गाव जरातरी बदललं पाहिजे.

मी संवाद वाचतच नाही, सगळं स्किप करतो. काही बिघडतं का?

खेळायला काही बिघडत नाही, कारण रचणाऱ्यांनी हे धरूनच चाललेलं असतं. कथेचा मुख्य धागा संवादाशिवायही कळेल एवढा सरळ ठेवलेला असतो. कोणीतरी आपल्या पुढे चालतंय आणि आपण त्याच्या मागावर आहोत. डायब्लो २ मध्ये तो काळ्या झग्यातला वाटसरू. आपण मठात पोचतो तेव्हा तो खिंड ओलांडून गेलेला असतो. आपण थडग्यात पोचतो तेव्हा तिथलं त्याचं काम उरकलेलं असतं. पहिले तीन ॲक्ट आपल्याला उशीरच होत राहतो. डायब्लो ४ मध्ये (जून २०२३) लिलिथ या खलनायिकेच्या मागे जाताना हेच होतं. रक्ताच्या पाकळ्यांमुळे नायकाला तिची मागची पावलं दिसतात, ती मात्र पुढे निघून गेलेली असते.

या उशिरामागे कारण आहे. खलनायक लवकर सापडला तर कथा संपली. आणि आपली लेव्हल बाराच असताना त्याच्याशी गाठ पडून उपयोगही नाही. पाठलाग असला की कॅरेक्टरला वाढायला सवड मिळते आणि ती सवड कथेलाही खटकत नाही. ॲक्टच्या मधले व्हिडिओ मात्र बघाच. ते मारियस नावाचा एक खचलेला माणूस सांगतो आणि तो कोणाला सांगतोय हे चौथ्या ॲक्टच्या शेवटी कळतं. इतकी वर्षं झाली तरी ते मी इथे फोडणार नाही.

दर वेळी मॅप वेगळा येतो. मग कथा जुळते कशी?

क्रम पक्का असतो, आकार बदलता असतो. ब्लड मूरनंतर कोल्ड प्लेन्स, त्यानंतर स्टोनी फील्ड, हे कधीच बदलत नाही. पण गुहेचं तोंड उत्तरेला की दक्षिणेला, वेपॉइंट कुंपणाजवळ की मधोमध, हे दर वेळी कॉम्प्युटर ठरवतो.

हे मी फार वेगळ्या प्रकारे शिकलो. कॉलेजात असताना मी एका नेट कॅफेत खेळायचो. तिथले कॉम्प्युटर अधूनमधून पुसून साफ केले जात आणि त्याबरोबर आमचे सेव्हही जात. पहिला ॲक्ट मी ओळीने चार वेळा नव्याने खेळलो. दुसऱ्या वेळी फार वाईट वाटलं होतं. तिसऱ्या वेळी लक्षात आलं की मी डोळे मिटून चालू शकत नाही, तरी हरवतही नाही. झाड कुठे आहे ते शोधावं लागत होतं, पण ते डार्क वुडमध्येच असणार हे माहीत होतं. ओळखीच्या गावात नव्या गल्लीतून जावं तसं.

डायब्लो २ चा कुठला ॲक्ट सगळ्यात चांगला रचलाय?

माझं मत दुसऱ्याच्या बाजूने, आणि ठामपणे. तिथे सगळे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत. दंड किड्यांच्या बिळात, ताईत सापांच्या देवळात आणि क्यूब मृतांच्या दालनात. ताईत घ्यायच्या आधी आकाशातला सूर्यच काळा पडतो आणि गावातले लोक घाबरून त्याबद्दल बोलू लागतात. दंड आणि ताईत क्यूबमध्ये एकत्र केले की होराड्रिक स्टाफ तयार होतो. मग राजवाड्याच्या तळघरातून आर्केन सँक्चुअरी, अधांतरी लटकलेल्या वाटांची जागा. तिथे होराझोनची वही मिळते. तल राशाच्या नावाने सात थडगी आहेत, त्यातलं एकच खरं. वहीत सहा खोट्या थडग्यांच्या खुणा आहेत, म्हणजे जी खूण वहीत नाही ती खरी. स्टाफ खाचेत बसवला की भिंत फुटते आणि पलीकडच्या अरुंद खोलीत या ॲक्टचा बॉस ड्युरिएल समोरच उभा असतो. श्वास घ्यायलाही जागा नाही. अख्खा ॲक्ट उघड्या वाळवंटात फिरवून शेवटचा घाव कोंदट खोलीत घालायचा, यात कमालीची जाण आहे.

तिसऱ्याबद्दल तक्रारी येतात त्या खऱ्या आहेत. कुरास्टच्या जंगलात नदीकाठाने एकसारख्या वाटा, चिखल आणि पायात येणारे छोटे बुटके. खालिमचे डोळा, मेंदू आणि हृदय तीन ठिकाणांहून गोळा करायचे असतात. ‘तुकडे जमवा’ हीच युक्ती दुसऱ्या ॲक्टमध्ये नुकतीच वापरून झालेली असते, त्यामुळे जीव कंटाळतो. त्यात रान इतकं पसरट की वाट चुकली की अर्धा तास गेला.

चौथा ॲक्ट एवढा लहान का?

बाकी चार ॲक्टमध्ये प्रत्येकी सहा क्वेस्ट, चौथ्यात तीनच. एकूण सत्तावीस. वेपॉइंटही बाकी ठिकाणी नऊ आणि इथे तीन. मला ही लांबी योग्य वाटते. नरकात पोचल्यावर कोणाची हरवलेली वस्तू शोधायला जायचं नसतं. आधी इझुअलला मारायचं, मग हेल फोर्जवरचं काम, मग पाच मोहरा उघडल्या की या ॲक्टचा बॉस, म्हणजे खुद्द डायब्लो. चढण संपली की माथ्यावर फार वेळ रेंगाळत नाहीत.

साइड क्वेस्ट सोडल्या तर चालतं का? कुठल्या सोडू नयेत?

ज्यांचं बक्षीस कॅरेक्टरला कायमचं चिकटतं त्या कधीच सोडू नका. डायब्लो २ मध्ये डेन ऑफ ईव्हिल एक स्किल पॉइंट देते, राडामेंट एक, इझुअल दोन. म्हणजे एका डिफिकल्टीत (अवघडपणाच्या तीन पातळ्यांपैकी एकीत) चार आणि तिन्ही मिळून बारा. लेव्हल ९९ पर्यंत चढूनही लेव्हलचे ९८ पॉइंट मिळतात, तेव्हा बारा म्हणजे केवढी मोठी भर ते बघा. तिसऱ्या ॲक्टमध्ये लाम एसेनचा ग्रंथ पाच स्टॅट पॉइंट देतो, सोन्याचा पक्षी २० लाइफ देतो. पाचव्यात बर्फात गोठलेल्या आन्याला सोडवलं की प्रत्येक डिफिकल्टीत सगळे रेझिस्टन्स (आग, बर्फ, वीज, विष यांचा मारा सोसायची ताकद) दहाने वाढतात. पहिल्या ॲक्टमधला काउंटेसचा मनोरा असं कायमचं काही देत नाही, पण ती रून (सामानात बसवायचे जादुई दगड) टाकते, त्यामुळे लोक तिच्याकडे पुन्हा पुन्हा जातात. पाथ ऑफ एक्झाइलमध्येही बऱ्याच साइड क्वेस्ट पॅसिव्ह पॉइंट (कॅरेक्टरची कायमची ताकद वाढवणारे) देतात. नकाशाच्या कोपऱ्यातली एखादी गुहा टाळून पुढे पळालात तर पुढे बिल्ड अपुरी पडते आणि कारण कळत नाही.

तोच गेम तीन वेळा का खेळायला लावतात?

नॉर्मल, नाइटमेअर, हेल. कथा तीच, गावं तीच, बॉस तेच. कथेच्या अंगाने पाहिलं तर याला काही आधार नाही. आंदारिएलला मारलं, डायब्लोला मारलं आणि पुन्हा वॉरिव्ह छावणीत अडकलेलाच. पण खेळाच्या अंगाने पाहिलं तर ही तीन वेगळी गणितं आहेत. एक्स्पान्शनमध्ये नाइटमेअरला रेझिस्टन्स ४० ने खाली येतात आणि हेलला एकूण १०० ने. हेलमध्ये बरेच राक्षस एखाद्या एलिमेंटला पूर्णपणे इम्यून असतात, म्हणजे आग किंवा बर्फ अशा एखाद्या माऱ्याचा त्यांच्यावर काहीच परिणाम होत नाही. फक्त बर्फावर विसंबलेली सोर्सरेस (जादूगारीण) तिथे हात टेकते. नॉर्मलमध्ये जे नुसतं दृश्य होतं ते आता डावपेच होऊन समोर येतं.

तरीही पुनरावृत्ती ती पुनरावृत्तीच. न्यूझीलंडच्या ग्राइंडिंग गिअर गेम्सने २०१३ मध्ये पाथ ऑफ एक्झाइल आणला तेव्हा त्यातही तीन ॲक्ट तीनदा खेळावे लागत. २०१७ मध्ये त्यांनी हे पूर्ण काढून टाकलं आणि दहा ॲक्टची एकच सलग कथा केली. सहाव्या ॲक्टपासून आपण जुन्याच किनाऱ्यांवर परत येतो, पण दरम्यान देव जागे झालेले असतात आणि ओळखीच्या जागा बदललेल्या असतात. जुनी जागा पुन्हा वापरायची तर अशी वापरावी. रेझिस्टन्सची शिक्षाही त्यांनी कथेत विणली. पाचव्या आणि दहाव्या ॲक्टअखेर किटावा या देवाला हरवल्यावर प्रत्येकी ३० ने रेझिस्टन्स उतरतात. त्यांच्याच दुसऱ्या भागाची अर्ली ॲक्सेस (पूर्ण होण्याआधीची खुली आवृत्ती) डिसेंबर २०२४ मध्ये तीन ॲक्ट आणि त्यांची ‘क्रुएल’, म्हणजे जास्त अवघड, आवृत्ती घेऊन सुरू झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये चौथा ॲक्ट आणि तीन इंटरल्यूड आल्यावर क्रुएल गेलं.

ओपन वर्ल्ड आलं, मग ॲक्ट उरले कुठे?

नावाला उरले आहेत. डायब्लो ४ च्या मूळ गेममध्ये प्रोलॉग, सहा ॲक्ट आणि एपिलॉग आहे, पण पाचही प्रदेश एकमेकांना जोडलेले आहेत आणि राक्षस तुमच्या लेव्हलबरोबर वाढतात. सोय मोठी आहे. घोड्यावर बसून हवं तिकडे जा. पण वाट अडलेली नसली की ती मोकळी झाल्याचा आनंदही मिळत नाही. कथा उत्तम लिहिलेली आहे, पात्रं लक्षात राहतात, तरी एका गावाचा निरोप घेऊन दुसऱ्या गावात पहिलं पाऊल टाकताना जी हुरहूर वाटायची ती मला तिथे मिळाली नाही.

कॅम्पेन स्किप करू का?

पहिल्यांदा खेळत असाल तर नको. पाचव्यांदा असेल तर खुशाल. दर तीन-चार महिन्यांनी नवा सीझन येतो, कॅरेक्टर शून्यापासून उभं करावं लागतं, आणि तीच कथा दर वेळी ऐकायचा कंटाळा येणं साहजिक आहे. डायब्लो ३ ने २०१४ मध्ये रीपर ऑफ सोल्सबरोबर ॲडव्हेंचर मोड आणला, त्यात सगळे ॲक्ट सुरुवातीपासून उघडे असतात. डायब्लो ४ मध्ये पुढच्या कॅरेक्टरला कथा वगळता येते. लास्ट एपॉकने (पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २०२४) डंजन पार करून काही चॅप्टर ओलांडायची सोय दिली. मला हा मार्ग सगळ्यात न्याय्य वाटतो, कारण आडवाट मिळते पण ती कमवावी लागते.

मित्रांबरोबर कॅम्पेन खेळलेलं चांगलं की एकट्याने?

डायब्लो २ मध्ये एका वेळी आठ जण खेळू शकतात आणि माणसं वाढली की राक्षसांचं लाइफही वाढतं. मजा खूप येते, पण घाई होते. चौघांपैकी एकाला रस्ता पाठ असतो, तो पळत सुटतो आणि बाकीचे त्याच्या मागे. शिवाय प्रत्येकाची प्रगती स्वतःची असते. मित्र तिसऱ्या ॲक्टमध्ये असला तरी नवा माणूस पहिल्या छावणीतच उठतो. म्हणून सगळ्यांनी एकाच दिवशी नवी कॅरेक्टर काढावीत आणि बॉस मरताना सगळे हजर आहेत याची खात्री करून घ्यावी.

आपल्याकडे असा गेम कोणी बनवलाय का?

याच साच्यातला नाही, पण जवळचा आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी: ॲन एन्शंट एपिक आणला. तो ॲक्शन ॲडव्हेंचर आहे. लूट नाही, बिल्ड नाही, मॅप बदलत नाही. भाऊ गोलूला शोधत निघालेली राजी एका सरळ वाटेने पुढे जाते आणि तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. निवेदक देव असल्यामुळे नायिकेला स्वतः फार बोलावं लागत नाही, ही रचना मला फार आवडली. लढाई, मग भिंती-खांब चढत शांत वाट, पुन्हा लढाई, असा श्वास त्यात आहे. याच हातांनी लूट असलेला, अनेक गावांचा गेम घडावा असं मनापासून वाटतं.

आज पहिल्यांदा सुरू करतोय. पहिल्या तासात काय करू?

डायब्लो २ धरून सांगतो. क्लास (कॅरेक्टरचा प्रकार) आवडेल तो घ्या. बिल्डचे व्हिडिओ आज बघू नका. चूक झाली तरी अकारा प्रत्येक डिफिकल्टीत एकदा पॉइंट परत करते. छावणीत सगळ्यांशी एकदा बोला, वॉरिव्हशीही. मग पूल ओलांडून ब्लड मूरमध्ये जा आणि डेन ऑफ ईव्हिल शोधा. ती गुहा पूर्ण रिकामी करायची असते. थोडे उरले की किती बाकी आहेत ते गेम सांगू लागतो आणि शेवटचा एक नेहमी कुठल्यातरी कोपऱ्यात लपलेला असतो. तो पडला की लगेच पोर्टल उघडू नका. मिनिटभर थांबा. इतका वेळ काळोख्या असलेल्या त्या गुहेत वरून उन्हाचे झोत उतरू लागतात. तेवढं बघा आणि मग अकाराकडे परत जा.